पापडाच्या खाटेवरची पूड

प्रिय नातवा,

नावानं हाक मारून सुरुवात करणार होते, पण लिहून घेणारी तुझी बायको. नवऱ्याचं नाव कसं लिहू, म्हणून टाक हातात धरून बसली. म्हटलं, राहू दे. नातवंडं मला बरीच आहेत, पण मेल्यावरही घराला कामाला लावणारा एकच. पत्र बरोबर पोचेल.

थकले रे. साथीच्या तापात तू गेलास, दिवस झाले, पावणे आपापल्या गावी गेले. आता रडायचाही कंटाळा येतो. आज लिहायला बसवलं ते हौसा आली म्हणून. गारगोटीच्या वरच्या डोंगरातली, ती चंद्रीची आई. चंद्रीची पूड संपत आली म्हणून मायलेकी बैलगाडीनं तुझ्याकडे आल्या. तू नाहीस, हे त्यांना आमच्या दारात कळलं.

काय शिकलास रे तू? महाराजांच्या बोर्डिंगात राहिलास, मुंबईला जाऊन डॉक्टर झालास. बरोबरीच्यांनी दवाखाने थाटले. तू मात्र दोरा घेऊन वाड्यावाड्यांवर लोकांचे गळे मोजत हिंडलास. कुणाच्या गळ्याला गाठ, कुणाचं पोर वाढत नाही, पाणी कुठल्या झऱ्याचं पिता, हेच विचारत. घरी आलास की माझ्या गळ्यातल्या गाठीलाही दोरा. मी म्हणायचे, "फास लावतोस काय रे म्हातारीला?" औषध मात्र तुझ्या हातून घेतलं नाही. माझी गाठ माझ्याबरोबरच जायची होती. आधी तू कशाला गेलास?

एकदा म्हणालास, सगळ्यांच्याच गळ्यात एक गाठ असते, तशी मेंदूखाली वाटाण्याएवढी आणखी एक असते, माणसाची उंची ती ठरवते. मग तुझ्या आजोबांचा वाटाणा भोपळ्याएवढा असणार. प्रत्येक चौकटीला डोकं आपटायचं त्यांचं.

आणि त्या मेंढराच्या गाठी! लोक बाबूभाई मुलाण्याकडून मटण आणतात, तू मेंढराच्या गळ्यातली गाठ आणायचास. ज्याच्या गळ्यातली गाठ काम करत नाही, त्याला ही वाळवून, कुटून खायला घालायची. पण वाळवायला माझीच पापडाची खाट दिसली? त्या साली पापड कुणी तोंडात घातले नाहीत.

चंद्रीला पहिल्या पुड्या दिल्यास, त्या आठवतात? काही फरक पडेना. तोंड सुजलेलं, जीभ बाहेर, बसवलं तिथं बसायची. तुझं जेवण उडालं. म्हणालास, "माझंच कुठंतरी चुकतंय, आज्जी." मग हौसा बाजाराला आली, तेव्हा मी विचारलं, "पुडी देतीस न्हवं?"

"व्हय की. रोज लावतुया कपाळाला. डाक्टरचा अंगारा एक दिस चुकिवला न्हाय."

मी हसले. तू हसला नाहीस. पायरीवर बसून विचारलंस, "खायला कोण घालील, हौसाबाई?" पुडी पोटात जायची असते, हे तिला त्या दिवशी कळलं.

आज ती चंद्री आमच्या उंबऱ्यावरून आपल्या पायानं आत आली. आईचा पदर ओढून म्हणाली, "आये, डाक्टर?" हे ऐकायला तू का नव्हतास? लोकांचे गळे बघितलेस, आपल्या छातीतला ताप बघायला काय झालं होतं?

पूड थांबली तर पोर परत तशीच होईल, हे तूच सांगितलं होतंस. बरणीत तळाला थोडी आहे. तुझ्या बायकोनं ती गुंजेनं तोलून पुड्या बांधल्या. तू फिरतीवर असताना बांधायची तशाच. जास्त गेली तर पोरीचं काळीज धडधडतं, हे हौसाला तिनं दोनदा बजावलं. मी बाबूभाईला निरोप धाडला. पळसाच्या पानात गाठी बांधूनच आला. म्हटलं, "डाक्टर गेला रे."

"डाक्टर गेलं म्हणून मेंढरं गळ्याबिगर जल्माला येत न्हाईत, आज्जी," म्हणाला, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

तर ऐक. या उन्हाळ्यात पापड घालणार नाही. खाट तुझ्या गाठींना दिली. कुटायचं, तोलायचं तुझी बायको बघेल. कावळे मी हाकीन, तेवढं बसून जमतं. चंद्रीची पुडी चुकू देणार नाही. आणि उद्या तुझी बायको माझ्या गळ्याला दोरा लावणार आहे. लावू देईन. फास म्हणणार नाही.

तुझी आज्जी
(अंगठा उठवला आहे. शाई जास्त झाली, असं ही म्हणते.)