शून्य दिसायला नको

मंगळवार, ४ मार्च

शून्य नको म्हणे! नववीतली आठ पोरं घेऊन पावलं मोजणारा मनगटी पट्टा बनवायचा, पोरांनी चालावं-पळावं म्हणून. रंग राहिला, आकार राहिला, पहिली मागणी ही. मुंगी — गटात सगळ्यांत बुटकी, तोंड मात्र सगळ्यांत मोठं — म्हणाली, "ताई, मोबाइलवर शून्य दिसलं ना, की मेल्यासारखं वाटतं." लंबूने लगेच री ओढली. "आंघोळीला पट्टा काढला तरी शून्य! हा कुठला न्याय?"

पोरांचं चूक नाही. मागच्या गटाने चिडून पट्टे काढून ठेवले ते ठेवलेच. तोडगा मीच काढला. पट्ट्याकडून काही कळेनासं झालं, की त्या वेळची त्या माणसाची नेहमीची पावलं भरून टाकायची. माझ्या जोडीचा प्रोग्रामर चष्मिस कुरकुरला. "किती वेळ भरत राहायची?"

मी म्हटलं, "आधी चालू तर कर!"

बुधवार, ५ मार्च

चालू झालं. पोरं खूश!

नववा पट्टा महिनाभर आप्पांच्या हातात आहे, त्यालाही आपोआप लागू. असू दे. चार तासांच्या अंतरावर एकटे राहतात. ऐकू कमी येतं, फोनवर मला ओरडावं लागतं, मग बाप-लेक दोघंही चिडतो. पट्टा बांधून घेताना म्हणाले होते, "जिवंत आहे ते दिसेल ना तुला यात? मग फोन कशाला करतेस?"

खरंच सोय झाली. सहा दहाला बागेत निघतात, मी इथे चहा घेत बघते. कधी एकोणतीसशे पावलं, कधी साडेतीन हजार. कोणी गप्पांना भेटलं की बाकावरच मुक्काम.

शुक्रवार, ७ मार्च

आप्पा ३११८. मुंगी तापाने आली नाही. तिच्यावाचून वर्ग सुतकी.

रविवार, ९ मार्च

आप्पा कालही ३११८, आजही ३११८! घड्याळ लावावं या माणसावरून. दुपारी फोन केला, उचलला नाही. ऐकूच आला नसणार. जाऊ दे, चाललेत तर खरे.

सोमवार, १० मार्च

अंगावर काटा आला आज. मुंगीच्या आईचा फोन. "अहो, पोर चार दिवस अंथरुणात आहे. मी तिच्या उशाशी बसलेय. आणि तुमच्या त्या मोबाइलवर ती रोज साडेपाचला फिरायला निघते!"

मोबाइलचा पडदा उघडला. साडेपाच झालेच होते. मुंगीचा थांबलेला आकडा हलला. चढत गेला. मैत्रिणीच्या दाराशी ती रोज थांबते, तिथे आकडाही थांबला. चार मिनिटं! मग पुन्हा निघाला. इतक्यात लंबू कपाटातून पट्टा घेऊन आला. "ताई, हिचा पट्टा तर गुरुवारपासून इथेच आहे. बॅटरी संपलीय." तो मेलेला पट्टा टेबलावर, आणि पडद्यावर मुंगी चालतेय. लंबूने तो घाईघाईने खाली ठेवला, हात पँटला पुसला.

चष्मिस आला, बघितलं आणि कपाळावर हात मारला. "तुझाच नियम! मर्यादा घालायची राहिली. बघ ना, चार दिवस एकच आकडा. खरा माणूस असं मोजून चालतो का?" मग हसत सुटलो सगळे. आपणच पाळलेलं भूत! उद्या दुरुस्त करतो म्हणालाय. मुंगीच्या आईला समजावून सांगितलं, तेव्हा कुठे ती शांत झाली.

मंगळवार, ११ मार्च, सकाळी सव्वासहा

चहा तसाच आहे. मागचे आकडे काढले. शुक्रवार ३११८, शनिवार ३११८, रविवार ३११८, काल ३११८.

आप्पांचा फोन नुसता वाजतोय. शेजारच्या काकू आप्पांच्या दाराशी उभ्या, मी त्यांच्याशी फोनवर. "मी रात्रीच आले गं लेकीकडून. आतून कडी आहे. पेपर पडलेत बाहेर... पाच आहेत."

काकू दार वाजवतायत. हाका मारतायत.

पडद्यावर आप्पा चालतायत. चारशे बारा. चारशे तेरा.