तुला वाचून न दाखवलेलं वचन

लाडक्या आईला,

काल चर्चमधल्या उपासनेनंतर सोयगावची एक बाई मला शोधत आपल्या मंडळीत आली. कडेवर चार वर्षांचं लेकरू, जन्मापासून दोन्ही पाय लुळे. माझे व्हिडिओ बघते म्हणाली. "ताई, तुम्ही बायबलातलं ते वचन सांगितलं अन् माझा जीव हलका झाला बघा. तुमच्या आईनं तर लई समाधानानं डोळे मिटले असतील, न्हाय?"

मी म्हणाले, "व्हय."

धडधडीत खोटं बोलले गं! घरी येऊन पायाचा कॅलिपर सोडला आणि तेव्हापासून काही सुचत नाही. तू जाऊन सात महिने झाले. आज लिहितेच.

तुला तो टँकरचा रविवार आठवतो का? काय विचारतेय मी, तू तो विसरलीस कधी! दुष्काळ होता. हर्सूलच्या अलीकडची आपली वस्ती तेव्हा गावाबाहेर, नळाचा पत्ता नाही. चार दिवसांनी टँकर आला होता. तू रांगेत, मी शेजारच्या मावशीकडं झोपलेली. पोलिओच्या डोसवाल्या बाया रांगेतच विचारत फिरत होत्या. मला आणायला मावशीकडं जावं, तर नंबर जाणार. तू म्हणालीस, "पाजला बाई, पाजला." पुढं मला ताप आला आणि पाय गेला.

डॉक्टरांनी दहादा सांगितलं की एका डोसावर सगळं ठरत नसतं. तू ऐकलंस कुणाचं?

प्रार्थनेनं बरं करणारे कुठंही आले की तू मला उचलून निघालीसच. गंगापूरच्या सभेत एक पाहुणे उपदेशक माझ्या डोक्याला तेल लावून लावून थकले. मी काही उठेना, तेव्हा तुला म्हणाले, घरात कुणाचं तरी पाप आहे. परत येताना जीपमध्ये तू पदर तोंडावर ओढून बसलीस आणि तिथंच मला टँकरचं सगळं सांगितलंस. मी बारा वर्षांची होते. आई, बारा वर्षांच्या पोरीला असं सांगतात होय? माकडाच्या हाती कोलीत दिलंस तू!

आणि मी ते वापरलं. भांडण झालं की म्हणायचे, "तुझा हंडा भरला ना? मग झालं तर." तू भाकरी थापायला लागायचीस. का नाही दिलीस एखादी मुस्कटात?

मग कॉलेजात असताना मंडळीच्या तरुण संघात वाचायची पाळी माझ्यावर आली. योहानाच्या शुभवर्तमानात एक जन्माचा आंधळा आहे. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभू सांगतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. हा पाय म्हणजे शिक्षा नाही, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं.

घरी आले आणि त्यावर व्हिडिओ केला. मग जुन्या करारातल्या मफीबोशेथावर केला. दोन्ही पायांनी लंगडा, तरी रोज राजाच्या मेजावर जेवायचा. त्याला कुणी आधी चालून दाखव म्हटलं नाही. कुठून कुठून माणसं लिहायला लागली. तोवर शहर वाढत आपल्या दारात आलं होतं, चहूकडं दहा-दहा मजले. फोनला रेंज आली, नळाला पाणी मात्र आठवड्यानं. तू हंडे भरता भरता माझ्या व्हिडिओच्या गोल लाईटकडं बघायचीस. "हे मोटारीचं चाक कशाला लावलंस? अन् त्या फोनला काय सांगतीस येवढं? मला बी वाचून दाखव की!"

तुला अक्षर येत नव्हतं. फोन बटणांचा. मी म्हणायचे, "नंतर." चार वर्षं नंतर!

वेळ नव्हता म्हणून नाही, आई. ते वचन तुला कळलं असतं, तर तू सुटली असतीस. आणि मला तू सुटायला नको होतीस. माझा पाय अडकलाय, तर तुझाही जीव थोडा अडकलेला राहू दे, असं वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण असंच वाटायचं. लोकांच्या आयांना मी मोकळं करत बसले, आणि माझी आई पलीकडच्या खोलीत होती.

दवाखान्यातल्या त्या दुपारी तू माझा हात धरलास. "एस्तू, वर गेल्यावर प्रभू मला तुझ्या पायाचं इचारंल. काय सांगू गं?" वचन मला तोंडपाठ होतं. आणि मी काय म्हणाले? "काही विचारत नसतो. गप पड." संध्याकाळी तू डोळे उघडेनास, तेव्हा मी ते तुझ्या कानाशी तीनदा म्हटलं. ऐकलंस का गं? मला नाही वाटत.

तुला शब्द देते. येत्या रविवारी मी उपासनेत साक्षीला उभी राहणार. साक्षीत सगळे प्रभूकडून आपल्याला काय मिळालं ते सांगतात, मी काय दिलं नाही ते सांगेन. फोन घरी ठेवून जाईन. तुझं टँकरचं सांगणार नाही, ते तुझं-माझं. माझं मात्र सगळं सांगेन, आणि ज्यांची आई अजून घरात आहे, त्यांना आधी तिच्यापाशी जाऊन बसा म्हणेन.

आणि प्रभूनं पायाचं विचारलंच, तर तू काही सांगू नकोस. म्हणावं, एस्तूला विचारा.

तुझीच,
एस्तू