पाणी सोडलं

तीर्थरूप आईस, वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. इथलं हवापाणी मानवलंय. वासाचंही आता काही वाटत नाही. या कागदाला येत असेल तर नाक मुरडू नकोस.

तू विचारलंस, बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला येतोस ना? आई, अख्ख्या शहराचं सांडपाणी साफ करतात ते आमच्या टाकीतले जंतू. त्यांना सतत हवा लागते. हवेचं यंत्र बंद पडलं की ते गुदमरतात आणि घाण तशीच नदीत जाते. माझा जोडीदार नोकरी सोडून गेला, आता यंत्राशी मी एकटाच. साहेब म्हणतात, "दुसरा माणूस मिळाला की खुशाल जा." हे तिसऱ्यांदा.

साफ झालेलं पाणी मी रोज नदीकडचं दार उघडून सोडतो आणि वहीत लिहितो, "पाणी सोडलं." काल रजेच्या अर्जावर सवयीने तेच लिहिलं गेलं. साहेब पोट धरून हसले. मीही हसलो.

बाबांची पट्टी काढताना धाकटीला समोर उभी कर. तिचं नाक माझ्यासारखंच आहे.

पाणी रोज सुटतं, आई. मग दार मी आतून लावून घेतो.

तुझा,
थोरला