सात कॉम्प्युटर आणि घुबड छाप

२ एप्रिल
फुकटच्या अँटिव्हायरसची खरी किंमत आज काढली. अँटिव्हायरस: शून्य रुपये. मार्चअखेर व्हायरसने सातही कॉम्प्युटर काळे पडले, पाइप-मोटारींचं दुकान चार दिवस आंधळं: तेही ऐन उन्हाळ्यात, पाण्याच्या मोटारींच्या सीझनला. परभणीहून मेकॅनिक: गाडीभाडं, दोन वेळचं जेवण आणि फी, जी सांगताना त्यालाच लाज वाटली. समोरच्या दुकानात गेलेली गिऱ्हाइकं: मोजली नाहीत, पण सगळी पाहिली. आमच्या पोराचं, शिवकांतचं 'अप्पा, मी सांगत होतो': दिवसातून तीनदा, जेवणानंतर. एवढ्यात चांगलं सॉफ्टवेअर दहा वर्षं पुरलं असतं.

ठरवलं. आता धंद्याचं सॉफ्टवेअर घ्यायचं. शिवकांत म्हणतो त्याला एंडपॉइंट सिक्युरिटी म्हणतात. एंडपॉइंट म्हणजे माणूस बसतो तो प्रत्येक कॉम्प्युटर. ठिबकच्या नळीला शेवटच्या टोकाला बूच मारतात, तसंच. पोरगं अर्धा तास समजावून सांगायच्या बेतात होतं, मला एका वाक्यात कळलं.

गुन्हेगार: अनुपमा. अकाउंट तीच बघते, दिवसभर मेल तीच उघडते. तोंडाने काही बोललो नाही, डोळ्यांनी समज दिली.

त्या दिवशी मीही एक फाइल उघडली होती. 'तुमचे शाळेतले जुने फोटो.' पण तिच्यात फोटो नव्हतेच, नुसता काळा पडदा. म्हणजे ती उघडलीच नाही. तेव्हा माझा प्रश्न येत नाही.

४ एप्रिल
पद्धत ठरली. चार कंपन्यांचे लोक बोलवायचे आणि ऐकायचं.

सोनपेठच्या बाजारात सायकलला पाइप बांधून विकले, तिथून जिंतूरच्या मेन रोडपर्यंत आलोय, ते कानाच्या जोरावर. पाइपावर बोटाचं पेर आपटून जाडी सांगतो. मोटार चालू केली की बेअरिंग किती दिवसांचं सोबती आहे ते सांगतो. माणसाचंही तेच. पोकळ माणूस पोकळ वाजतो. माझ्या कानाला फसवणारा जिंतूर तालुक्यात निपजला नाही, जिल्ह्यातही शंकाच आहे.

घरी बायकोला, गौराबाईला हे सांगितलं. ती म्हणाली, कान चांगलेच हायत तुमचे, पर मी दळण आणा म्हनल्यालं कुठं ऐकू येतंय.

कंपन्यांची नावं सगळी इंग्रजी आणि सगळी सारखी. आपल्याकडे मोटार कंपनीच्या नावाने कोण मागतं? वाघ छाप द्या, कमळ छाप द्या. म्हणून चिन्हं बघून मीच नावं पाडली: छत्री छाप, ढाल छाप, कुलूप छाप, घुबड छाप. शिवकांतने कपाळाला हात लावला. पण संध्याकाळपासून तोही छत्रीच म्हणायलाय.

७ एप्रिल
छत्री छाप येऊन गेली. चौघांत सगळ्यात स्वस्त. पोरगा छान बोलत होता, पण 'रिन्यूअल' शब्दाला आला की गाडी एकदम चौथ्या गियरमध्ये. मी म्हटलं, बाळा, तेवढं परत सांग. परत पळाला. तिसऱ्यांदा सांगायला लावलं तेव्हा निघालं की दुसऱ्या वर्षापासून दर तिप्पट. चहा पाजून लावला वाटेला. शिवकांत कौतुकाने बघत होता. बघू दे.

१० एप्रिल
ढाल छाप ट्रायलवर टाकली. संरक्षण भक्कम. एवढं भक्कम की आमचं ठिबकचं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअरच तिने व्हायरस म्हणून कोंडून ठेवलं. बोरीच्या एका शेतकऱ्याचं बिल निघेपर्यंत तो दोन चहा प्याला, पेपर वाचला, आणि म्हणाला, अप्पा, इहीर खांदून व्हईल तवर, येतो मी. शिवकांत म्हणतो सेटिंगमध्ये सूट देता येते. मी म्हटलं, जो राखणदार घरच्यांनाच भुंकतो, त्याला सूट कसली?

१२ एप्रिल
कुलूप छाप. यांची म्हणे चोवीस तास चालणारी कंट्रोल रूम. फोन लावला. आधी बासरी. मग एक साहेब इंग्रजीत. मी कान लावला. मागे कुकरची शिट्टी. गप्प राहून आणखी दोन शिट्ट्या होऊ दिल्या, मग विचारलं, साहेब, डाळ शिजली वाटतं, गॅस बंद करून येता का? तो खरंच बंद करून आला. कुलूप बाद.

१६ एप्रिल
घुबड छाप. परभणीचा बुद्धभूषण म्हणून पोरगा परवा आला, एजन्सी त्याचीच. हळू बोलतो. दोन प्रश्नांना म्हणाला, हे मला माहीत नाही, कंपनीला विचारून उद्या सांगतो. आणि खरंच दुसऱ्या दिवशी सांगितलं! असा विक्रेता मी तीस वर्षांत पाहिला नाही. मी स्वतःही असा नाही.

घुबडाचे गुण: सातही कॉम्प्युटर एका पडद्यावर दिसतात. कुणी बाहेरचा पेनड्राइव्ह खुपसला की अडवतं. एखादं मशीन वेडं झालं तर तेवढंच लाइनीतून तोडतं, बाकी दुकान चालू. फायली बिघडल्या तर कालच्या परत आणतं.

एकच वाक्य खटकलं. म्हणाला, अप्पा, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, खुर्चीतला माणूस शेवटी महत्त्वाचा. मी हळूच अनुपमाच्या खुर्चीकडे पाहिलं. त्याला बरोबर कळलं असणार.

३० एप्रिल
बसव जयंतीच्या मुहूर्तावर सातही कॉम्प्युटरवर घुबड बसलं. नारळ फोडला. बन्सीधरने, म्हणजे आमच्या बिलिंग काउंटरवरच्या जुन्या माणसाने, मॉनिटरला हळद-कुंकू लावलं, ते कॅमेऱ्याच्या भोकात गेलं.

संकल्प: रोज सकाळी सातला स्वतः घुबडाचा पडदा बघायचा. मेलचा पासवर्ड अवघड ठेवायचा आणि कुणाला सांगायचा नाही.

१ मे
सकाळी सातला पाहुणे आले.

पासवर्ड अवघड ठेवला. इतका की मलाच आठवेना. बन्सीधरला पाठ करायला दिला.

३ मे
बुद्धभूषण म्हणाला, पॅकेजमध्ये एक परीक्षा फुकट आहे. तो पंधरा दिवसांत कधीतरी सगळ्यांना एक खोटा मेल पाठवणार, आमिषाचा. कोण फसतो ते घुबड टिपून ठेवणार. मेल कधी, कसला, ते मलाही सांगणार नाही. तुमचा कॉम्प्युटर धरू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, धर की. नोकरांना वाटायला नको की मालक वेगळा.

बोर्डावर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'जो फसेल त्याचा कॉम्प्युटर काढून घेण्यात येईल व तो दिवाळीपर्यंत देवगाव फाट्याच्या गोडाऊनवर बसेल. कोणीही असो.'

डबा घेऊन आलेल्या गौराबाईने वाचलं आणि विचारलं, कोनीबी? मी ठासून सांगितलं, कोणीही. न्यायाला घरदार नसतं.

५ मे
अनुपमा केबिनमध्ये आली. म्हणाली, काका, तो बोर्ड माझ्यासाठीच हाय ना? मी म्हटलं, छे छे, सगळ्यांसाठी आहे. म्हणाली, मार्चपासून तुमी माझ्याकडं कसं बघायलाव ते दिसत न्हाई का मला? फाट्यावरून संध्याकाळची गाडी मिळाली तर मिळाली, माझ्या लेकराला बालवाडीतून कोण आनंल? पाठवायचंच असंल तर सरळ सांगा, ट्रॅक्टरच्या शोरूमवाले कवाचे बोलवायलेत.

मी शांतपणे म्हटलं, परीक्षा होऊ दे.

ती गेली तर गेली. कुणावाचून दुकान अडत नाही. फक्त जीएसटी, बँक, कंपन्यांची स्कीम, कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती आणि माझी बीपीची गोळी, एवढंच तिला माहीत आहे.

८ मे, सकाळ ११
'मराठवाडा उद्योगरत्न' पुरस्कारासाठी माझी निवड! निवड समितीचा मेल. 'आपण शून्यातून उभे केलेले साम्राज्य नव्या पिढीस दीपस्तंभ ठरेल.' कोण कुठली माणसं, पण किती बरोबर ओळखलं. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. संभाजीनगरला मोठ्या हॉटेलात.

मेलला आवाज नसतो, म्हणून कान लावायला फोन नंबर शोधला. तर खाली सूचना: निवड गोपनीय असल्याने कृपया फोन करू नये, कुणाशी चर्चा करू नये. शिस्तीची संस्था आहे.

फोटो मागितला, दिला. ओळख पटवायला मेलचा पासवर्ड मागितला. बन्सीधरला हाक मारली, त्याने काउंटरवरून मोठ्याने सांगितला.

मध्येच घुबड लाल झालं: 'ही लिंक संशयास्पद आहे.' खाली बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा' होतं. गेलो. सॉफ्टवेअर चोख आहे, पण नवीन आहे, भित्रं आहे. त्याला आपली माणसं अजून माहीत नाहीत.

फोटो पोचला की नाही ते दिसेना, म्हणून पुन्हा पाठवला. दुपारी फेट्यातला पाठवला.

९ मे
शिवकांतला हळूच विचारलं, आमिषाचा मेल आला का? तो म्हणाला, आला की, लगेच ओळखू येतो. मला तर असलं काही दिसलं नाही. माझ्याकडे पाठवायची हिंमत झाली नसावी.

दुपारी दुकानाच्या मागच्या दाराआड अनुपमा आणि बन्सीधर कुजबुजत होते. माझे कान! 'शाल' ऐकलं, 'फोटो' ऐकलं, 'फेटा' ऐकलं. मग बन्सीधर हसला. ओळखलं मी. यांना कुठून तरी कळलंय, दुकानातर्फे माझा सत्कार करायचा घाट आहे. मी मुद्दाम खाकरलो तर दोघं गप्प. भाबडी माणसं आहेत. अनुपमाबद्दल जरा वाईट वाटलं. पण न्याय तो न्याय.

११ मे
चर्चा करायची नाही असं असल्यामुळे फक्त मेहुण्याला, व्याह्यांना, सोनपेठच्या जुन्या बाजारकऱ्यांना आणि न्हाव्याला सांगितलं. नवा नेहरू शर्ट शिवायला टाकला. भाषणाचा पहिला परिच्छेद झाला: 'मी कानाचा माणूस आहे.'

गौराबाईला न राहवून सांगितलंच. ती म्हणाली, पुरस्कार देनारे तुमचा पासवर्ड काय पूजेला ठेवनार हायत का? हिला साहित्यिक-सांस्कृतिक गोष्टी कळत नाहीत.

१५ मे
उकाडा फार. आज लिहिण्यासारखं काही नाही.

१६ मे
लिहून टाकतो. मन मोकळं होतं.

काल बुद्धभूषण निकाल घेऊन आला. म्हणाला, अप्पा, आत बसून बोलू का? मी म्हटलं, आत नाही, सगळ्यांसमोर. अनुपमाला मुद्दाम पुढे उभं केलं. तो म्हणाला, सातपैकी सहा जण फसले नाहीत. मी म्हटलं, सातव्याचं नाव घे, भिऊ नको, मी पाठीशी आहे. तो पंख्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, घे नाव. त्याने घेतलं. आवाजात पोकळपणा अजिबात नव्हता.

वर हेही म्हणाला की घुबडाने तुम्हाला इशारा दिला होता, तुम्ही नऊ वेळा 'तरीही पुढे जा' दाबलं. आणि मार्चची भानगडही तपासली, ती कुठल्याशा शाळेच्या फोटोंपासून सुरू झालेली दिसते. ती कोणाच्या मशीनवरची, ते त्याने सांगितलं नाही. पंख्याकडेच बघत राहिला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अनुपमाने फक्त विचारलं, काका, बोर्ड पुसू का? मी म्हटलं, पूस. डबा घेऊन उभी असलेली गौराबाई म्हणाली, राहू दे गं. कोनीबी म्हंजी कोनीबी.

१७ मे
रात्रभर विचार केला. यात कमीपणा काहीच नाही. उलट मोठेपणा आहे. लॉटरी, लाइट बिल असल्या साध्या आमिषाला मी भुलणार नाही, हे कंपनीच्या लोकांनी ओळखलं. माझा सगळा जीवनपट अभ्यासून खास माझ्यासाठी पुरस्कार तयार करावा लागला. किती डोकी बसली असतील! एका माणसासाठी एवढा सापळा कोण लावतं? वाघालाच लावतात.

अनुपमाला बोलावलं. म्हटलं, शोरूमवाल्यांना नाही म्हणून कळव, घुबडाचा पडदा आजपासून तुझ्याकडे. ती म्हणाली, ते ठीक हाय काका, पन मार्चमधलं? मी म्हटलं, काय मार्चमधलं? ती समोरची खुर्ची ओढून बसली. शेवटी म्हणालो, चूक झाली माझी. आवाज जरा बारीक निघाला, पण तिचेही कान चांगले आहेत. ऐकलं तिने. म्हणाली, बरं, गोळी घेतली का?

२१ मे, देवगाव फाटा
जागा हवेशीर. एसटी, टेम्पो, उसाच्या रसाची गाडी, सगळं ऐकू येतं. मोटार नुसती ऐकून दुरुस्त करायची म्हणून तीन शेतकरी येऊन गेले. वाघ कुठेही वाघच. गोडाऊनमध्ये कॉम्प्युटर नाही.

दुपारी बन्सीधर टेम्पोबरोबर पाइप उतरवायला आला. मी त्याला सापळ्याची थोरवी सांगत होतो: खास माझ्यासाठी, जीवनपट, अभ्यास. तो बिचारा मान हलवत ऐकत होता. पाइप मोजून झाल्यावर म्हणाला, मालक, मला बी आलता की त्यो मेल. उद्योगरत्न बन्सीधर. शून्यातून उभं केल्यालं साम्राज्य. मी म्हनलं, आपुन पाइप मोजनारा मानूस, आपलं साम्राज्य कंचं, आन् पुसून टाकला. अनुपमाताईला तर लय हसू यायलं, म्हनली, शाल घेऊ पर फेटा कोन बांधनार.

संध्याकाळी बुद्धभूषणला फोन करून विचारलं. मेल सातही जणांना एकच गेला होता.