एकाच टाकीवर

७ एप्रिल

गॅलरीतल्या बिनमातीच्या बागेत पाईपांचा पंप जळला. सकाळी गॅलरीतून आवाज आला नाही, तेव्हाच कळलं. नवा आणायला बाजारात जाणं जिवावर आलं. बादल्यांचा पंप चालू आहे, त्याचीच एक नळी पाईपांना जोडली. आता सगळं एकाच टाकीवर.

तो होता तोवर हे कधीच करू देत नसे. पाईपांतल्या लेट्यूसच्या मुळांखालून खताच्या पाण्याची बारीक धार. बादल्यांतले टोमॅटो मात्र मुळापर्यंत पाण्यात बुडालेले. दोन पद्धती, दोन टाक्या. "पाल्याला पातळ लागतं, टोमॅटोला दाट. एका ताटात जेवायला बसवलं तर एक उपाशी राहील आणि दुसऱ्याचं पोट बिघडेल," म्हणायचा. माती नाही म्हणून हात धुवायलाही विसरायचा!

मी मधलं प्रमाण धरणार आहे. ना पातळ, ना दाट. अडवायला आता कोण आहे?

९ एप्रिल

दादाचा फोन. "अठ्ठावीसला न्यायला येतो. सासऱ्यांना त्यांची लेक घेऊन जाईल. घर बंद करून टाका. नवरा गेला, मूलबाळ नाही, तू तिथे कुठल्या नात्याने राहणार?"

"बघते," म्हटलं.

बाबा समोरच पेपर वाचत बसले होते. फोन चालू होता तोवर पान उलटलं नाही. ठेवल्यावर उलटलं. राहा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. सून-सासऱ्यांचं बोलणं आजवर त्याच्यामार्फतच चालायचं. तो मध्ये नाही, तर सुरुवात कोणी करायची?

१२ एप्रिल

कामावर जाण्याआधी टाकीत खत घालते. दोन्ही बाटल्यांतलं एकेक झाकण, तो झाकणाने मोजायचा तसंच. बाबा गॅलरीकडे फिरकत नाहीत. मी घरी असले की तिकडचं दार लोटून घेतात. त्यांना बघवत नसेल.

१६ एप्रिल

लेट्यूसच्या कडा करपल्या. पाण्यातल्या खताचा दाटपणा मोजणारं मीटर तीनच्या वर! मी तर दोनच्या आत ठेवायला बघतेय. उकाड्याने पाणी आटत असेल. साधं पाणी ओतलं.

१७ एप्रिल

पुन्हा तेच.

१९ एप्रिल

आमच्या चष्म्याच्या दुकानात एका बाईंना जवळचा आणि लांबचा नंबर एकाच काचेत हवा होता. मी माप घेतलं. मालक त्यांना म्हणाले, "आधी थोडं गरगरेल. जिना उतरताना जपा."

घरी आले तर टोमॅटोची पानंही वाटीसारखी वळलेली. म्हणजे दोघांचंही बिघडलं. मधलं प्रमाण कोणालाच मानवत नाही. तो म्हणायचा तेच खरं.

२१ एप्रिल

दादा खोकी घेऊन आला. गॅलरीत डोकावून म्हणाला, "हा बगीचा आहे की आयसीयू? सगळीकडे नळ्याच नळ्या!" लगेच जीभ चावली. बाबा आत जाऊन पडले.

२४ एप्रिल

दुकानातली वीज गेली, म्हणून दुपारीच सुटी मिळाली. दार उघडलं तर बाबा गॅलरीत, स्टुलावर. हातात खताची बाटली. जीभ दातांत धरून झाकणात थेंब थेंब मोजून घेत होते.

"बाबा, काय करताय?"

दचकले. झाकण टाकीतच पडलं. "अगं, तुला सकाळी घाई असते. राहून जात असेल म्हणून दुपारी मीच घालतो."

"मी रोज घालते, बाबा."

"रोज?"

"न चुकता."

"मग मीही न चुकता."

"सांगायचं ना!"

"काय सांगू? तुला वाटलं असतं, म्हातारा लुडबुड करतोय. आणि मला वाटलं, तू आता तिकडे वळूनही बघत नाहीस." करपलेलं एक पान खुडून हातात धरलं. "म्हणजे आपण दोघांनी मिळून खाऊ घालून मारलं की यांना!"

मला हसू आलं. त्यांनाही. मग ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

२५ एप्रिल

नवा पंप बाबांनीच आणला. टाक्या वेगळ्या केल्या, जुनं पाणी ओतून दिलं. "पाला तुझा, टोमॅटो माझे. माझ्या टाकीला हात लावायचा नाही हं!" इतकं मोठ्याने बोलले की शेजारच्या काकूंनी डोकावून पाहिलं.

अठ्ठावीसचं मात्र कोणीच काढलं नाही.

२७ एप्रिल

लेट्यूसच्या मधोमध नवं पान. कडा स्वच्छ. खोकी अजून रिकामीच आहेत. बाबा त्यांना वळसा घालून चालतात.

२८ एप्रिल

दादा आला. बसायच्या आधीच म्हणाला, "चल."

बाबा उठून दारात उभे राहिले. "अहो, तिला कसं नेणार तुम्ही? ती माझ्याकडे राहत नाही. मी तिच्याकडे राहतो."

दादाने माझ्याकडे पाहिलं.

"खरं आहे," मी म्हटलं.