रेशमाला विटाळ नसतो

आई, सकाळपासून मी चुलीपुढे आहे. सून बाहेरची झाली आहे, म्हणजे पुढचे तीन दिवस पाणी, दळण, रांधणं सगळं पुन्हा माझ्या गळ्यात. गुडघे कुरकुरतात, धुराने डोळ्यांचं पाणी खळत नाही, आणि मागच्या पडवीच्या उंबऱ्यावर बसून नातीने भोकाड पसरलं होतं. तिची आई पलीकडे कांबळ्यावर, ही अलीकडे, मध्ये नुसता उंबरा. "शिवू नको गं, मला कावळा शिवलाय," सून सांगत होती, पण पोरीला ते पटत नव्हतं. तिचं रडणं ऐकता ऐकता माझा हात थांबला आणि तव्यावरची भाकरी करपली. तुला लिहायला बसले ते त्या करपलेल्या भाकरीमुळे. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. मलाही फार उशिरा आलं, मुलगा पाटीवर गिरवायचा ते बघून बघून.

ठाण्याच्या घरात तूही अशीच मागच्या पडवीत बसायचीस. एरवी तू मला आठवतेस ती पाठमोरीच. पहाटे जात्यावर, मग विहिरीवर, मग सोवळ्यात चुलीपुढे, आणि सोवळ्यात असलीस की जवळही फिरकायचं नाही. महिन्यातले ते तीन दिवस तेवढे तुझे हात रिकामे असायचे आणि नेमकी तेव्हाच तुला शिवायची बंदी. तान्हं पोर चालायचं, पण मी तान्ही उरले नव्हते. मी म्हणे इतकी रडले की आजीच कंटाळली. बाबांची आई ती, घरात तिचा शब्द शेवटचा. म्हणाली, "हिला रेशमाचं काहीतरी गुंडाळा आणि सोडा तिकडे. रेशमाला विटाळ नसतो. माझे कान तरी सुटतील." पोरीच्या मापाचं रेशीम आमच्या घरात कुठून असणार? कचेरीतून येताना बाबा किरिस्तावांच्या आळीत गेले. तिथे तेव्हा रेशमाचे माग चालायचे. मागावर शेवटी उरलेले तीन तुकडे घेऊन ते आले, एक पिवळा, एक लाल, एक न रंगवलेला. ना काठ, ना पदर. किरिस्तावांच्या हातचं म्हणून शेजारणीने नाक मुरडलं, तर आजी तिला म्हणाली, "कुणीही विणो, पाण्यातून काढलं की झालं. तुझं सोवळं काय देवाने विणलंय?"

पिवळा माझ्या कमरेला आणि मी तुझ्या मांडीवर. उरलेल्या दोन तुकड्यांचं काय करायचं हे तुला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. न रंगवलेला तुकडा दोन्ही हातांत धरून हलवलास की खाडी व्हायची, वर धरून फुंकर घातलीस की मचव्याचं शीड. भुईवर चौकोनी पसरलास की मिठागर, आणि मी त्यातलं मीठ ओंजळीने भरायची. एकदा तो आगगाडीचा धूर झाला होता, पण तुला आगगाडीपेक्षा मचवाच आवडायचा. "चल, कल्याणला जाऊ," तू म्हणायचीस. कल्याणला तुझं माहेर. ते काही फार लांब नव्हे, पण आजी तुला धाडत नसे. तू गेलीस तर घर कुणी ओढायचं? म्हणून आपण पडवीतून जायचो. उजव्या हाताला मुंब्र्याचा डोंगर, दिवा गावाच्या बाजूला चिखल, तिथे मचवा हमखास रुतायचा आणि मी ढकलायची. कल्याणच्या बंदराला लागलो की तू लाल तुकडा मुठीवर गुंडाळायचीस, मागे गाठ मारून त्याचा अंबाडा करायचीस, आणि ती तुझी आई व्हायची. मूठ मान हलवायची. "आलीस गं बाई? किती वाळलीस," ती म्हणायची. मला नाही, तुला. मग मीच म्हणायची, "अगं आजी, मला खाऊ दे की," आणि खेळ पुढे सरकायचा.

चौथ्या दिवशी तू न्हायचीस आणि पुन्हा पाठमोरी व्हायचीस. तुकडे आजीच्या पेटीत जायचे. मला वाटे, सगळं त्या कावळ्याच्या हातात आहे, मग तो महिन्यातून एकदाच का येतो? म्हणून एकदा तू अंगणात डाळ निवडत होतीस तेव्हा मी मागून येऊन तुझ्या खांद्यावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि तुळशीआड लपले. कावळा आला. आधी कुडावर बसला, मग थेट तुझ्या खांद्यावर. तू किंचाळलीस, सूप उलटलं, आजी बाहेर आली. खरोखरीचा कावळा अंगावर बसला तर अंघोळ करून मोकळं व्हायचं, एवढंच. तू खांद्यावरचा भाकरीचा चुरा पाहिलास, मग तुळशीकडे पाहिलंस, आणि जराही न हसता म्हणालीस, "कावळा शिवला. बसते बाहेर."

"अगं, परवाच तर न्हालीस," आजी म्हणाली.

"त्याला मी काय करू?"

आजी बराच वेळ तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने पेटी उघडली, तुकडे माझ्या अंगावर टाकले आणि स्वतः चुलीकडे वळली. मला वाटलं, काय माझी युक्ती. आता या वयात कळतं की तू किती दमली होतीस, आणि आजीलाही ते दिसलं होतं. तिचेही गुडघे दुखत असतील. इतक्या वर्षांत ते कधी मनातही आलं नव्हतं, आज आलं.

पुढे मला दिलं ते कल्याणलाच. खेळातला मचवा खरा झाला, पण तू त्यात नव्हतीस. मी इथे रुळते न रुळते तोच तुला पटकी झाली, आणि निरोप आला तेव्हा सगळं आटपलं होतं. मला तुझं तोंडही दिसलं नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, हे बाबांनी नंतर सांगितलं. बाबा म्हणाले, तुझ्या धाकट्या लेकाला शिकवू, नाही शिवला. आजीला अंतर देणार नाही म्हणाले; नाही शिवला. ऊन चढलं, भटजी भुकेने कासावीस झाले. शेवटी बाबा म्हणाले, "ते रेशमाचे तुकडे पोरीला कल्याणला पोचते करतो," आणि कावळ्याने झडप घातली. भूक त्यालाही लागली असेल म्हणा. पण बाबा दुसऱ्याच दिवशी आले, तुकडे माझ्या हातात दिले आणि आमच्या ओसरीवर, माझ्या सासऱ्यांसमोर, रडले.

तेव्हापासून मी त्यांना कुणाचा हात लागू दिला नाही. वापरले तर विरतील, ही भीती. न वापरताही विरायचे ते विरलेच. पिवळा घडीवर फाटत चालला आहे. आज भाकरी करपल्यावर मी उठले, पेटी उघडली आणि तो नातीच्या कमरेला बांधला.

"जा आता आईकडे."

"आणि कावळा?"

"रेशमाला भितो तो."

ती जी धावली ती आईच्या अंगावरच पडली. सून घाबरून म्हणाली, "सासूबाई, फाटेल हो." फाटू दे म्हटलं, आणि न रंगवलेलाही तिच्याकडे टाकला. आता पडवीतून ऐकू येतं आहे. तुकडा आधी दुधावरची साय झाला, मग वासरू, मग वासराच्या पाठीवरची झूल. खाडी त्यांना सुचलेली नाही. मला जरा वाईट वाटलं.

मला आता कावळा शिवत नाही. "सुटलीस बाई," शेजारपाजारच्या म्हणतात. सुटले म्हणजे काय, तर महिन्याचे सगळे दिवस चुलीपुढे. हे पत्र कुठे धाडणार? संध्याकाळी चूल पेटवताना तिच्यातच घालीन. पण त्याआधी एक सांगते. तुकडे तीन होते हे सुनेला ठाऊक आहे. तिने विचारलं, लाल कुठे गेला? मी म्हटलं, उंदरांनी खाल्ला. तो माझ्या कनवटीला आहे. दुपारी सगळी निजली की मी तो मुठीवर गुंडाळते, मागे गाठ मारते. "आलीस गं बाई? किती वाळलीस," मूठ म्हणते. मी काही वाळलेली नाही, चांगली गरगरीत झाले आहे. तरी ती रोज तेच म्हणते.