पिठावरचा ठसा

बाबा, लांबूनच तुमच्या पायावर डोकं ठेवते.

आईच्या तेरवीआधीच निघा लागलं, मनाले लावून घेऊ नका. बंगलोरले नीट पोचली. दिवसभर संग्रहालयात वाळलेले पतंग अन् फुलपाखरं कुळवार लावत बसते. डोळ्यातून पाणी येते, पण ते भिंगानं.

धाड गावचा आठवडी बाजार आता कोण करते? दोन टाइम जेवता ना?

गोपालदादानं फोटो पाठवला. आईचा पुढचा जन्म समजावा म्हणून दिव्याखाली पसरलेल्या पिठावर पंखांचा ठसा उमटला म्हणे. आत्याबाई रडून राह्यल्या, की वहिनीनं जन्मभर कपाशीतल्या पतंगाले शिव्या देल्या अन् तोच जन्म तिले आला. अन् तुम्ही वावरातले बोंडअळीचे सापळे काढून टाकले.

आत्याले सांगा, पतंगांची शंभरावर कुळं आहेत. फुलपाखरं बी त्याच झाडाची एक फांदी. सारे काही कपाशी खात नाहीत. बोंडअळीचा पतंग तांदळाच्या दाण्याएवढा असते. पिठावरचे पंख चांगले दोन बोटं रुंद आहेत. ते कुळच वेगळं.

एवढं लिहिलं, पण तुम्हाले पटंन का, माहीत नाही. मी बी थकली, बाबा. मले बी आता कोणता पतंग टाचणीनं टोचवत नाही.

म्हणून एकच ध्यानात ठेवा. त्या सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते. तिच्या मागं फक्त नर येतात.

आई त्यात सापडायची नाही. सापळे परत लावा.

तुमचीच,
छकुली